बियॉन्सेने ग्रॅमी जिंकला आणि चार महिन्यांत कॅटेगरीचं नाव बदललं : कंट्री म्युझिकच्या पुरस्कारांत हे पहिल्यांदाच घडलेलं नाही

२ फेब्रुवारी २०२५. लॉस एंजेलिसमध्ये ग्रॅमीचा सोहळा रंगला होता. ‘बेस्ट कंट्री अल्बम’चं पाकीट उघडायला स्टेजवर आली होती टेलर स्विफ्ट. नाव निघालं बियॉन्सेचं. कॅमेरा तिच्यावर गेला तेव्हा तिचे डोळे विस्फारलेले आणि तोंड उघडंच राहिलेलं. ती क्लिप आणि त्यावरचे मीम्स तुमच्याही फीडमधून जाऊन आले असतील.

‘काउबॉय कार्टर’ या अल्बममुळे बियॉन्से ही कॅटेगरी जिंकणारी पहिली कृष्णवर्णीय कलाकार ठरली. त्याच रात्री तिला ‘अल्बम ऑफ द इयर’ही मिळाला, जो तिला कित्येक वर्षं हुलकावणी देत होता.

मग आला जून महिना. ग्रॅमी देणाऱ्या रेकॉर्डिंग अकॅडमीने नियमांतले बदल जाहीर केले. त्यात एक बदल असा होता की ‘बेस्ट कंट्री अल्बम’ हे नाव यापुढे राहणार नाही. त्याच्या जागी ‘बेस्ट कंटेम्पररी कंट्री अल्बम’, म्हणजे आजच्या धाटणीचा कंट्री. आणि सोबत एक नवी कॅटेगरी, ‘बेस्ट ट्रॅडिशनल कंट्री अल्बम’, म्हणजे जुन्या वळणाचा कंट्री.

सोशल मीडियावर लगेच दोन गट पडले. एक म्हणाला, कृष्णवर्णीय बाई जिंकली म्हणून घराच्या दोन खोल्या केल्या. दुसरा म्हणाला, जुन्या पद्धतीने गाणाऱ्यांची ही मागणी कधीपासूनची होती, उगाच वडाची साल पिंपळाला लावू नका.

दोघांच्याही बोलण्यात तथ्य आहे. पण ते समजायचं तर कंट्री म्युझिकचे पुरस्कार कसे सुरू झाले आणि त्यांच्या कॅटेगरी कधी, कुणामुळे बदलल्या हे बघावं लागतं. कारण ‘कंट्री गायक कुणाला म्हणायचं’ हा वाद या पुरस्कारांइतकाच जुना आहे.

आधी नाव कुठून आलं ते बघू

अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांमध्ये शेतकरी, खाणकामगार, गिरणीकामगार यांच्या घरांत आणि चर्चमध्ये जे संगीत वाजायचं, त्यातून कंट्री आलं. फिडल म्हणजे आपलं व्हायोलिन, बँजो आणि गिटार ही त्याची वाद्यं. यातलं बँजो हे मुळात आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्या लोकांच्या वाद्यांमधून घडलेलं. एकाच गावात गोरे आणि काळे वादक एकमेकांची गाणी उचलत होते, वाजवत होते.

१९२० च्या दशकात रेकॉर्ड कंपन्या हे संगीत विकायला निघाल्या तेव्हा त्यांनी दोन वेगळे कॅटलॉग केले. काळ्या ग्राहकांसाठी ‘रेस रेकॉर्ड्स’ आणि गोऱ्या ग्रामीण ग्राहकांसाठी ‘हिलबिली’. हिलबिली म्हणजे डोंगरातला गावंढळ माणूस. विभागणी सुरांवरून झालीच नव्हती, ती गिऱ्हाइकाच्या रंगावरून झाली होती. नॅशविलच्या ‘ग्रँड ओल्ड ऑप्री’ या रेडिओ कार्यक्रमाच्या अगदी सुरुवातीच्या लाडक्या कलाकारांत डीफोर्ड बेली हा कृष्णवर्णीय हार्मोनिका वादक होता. १९४१ मध्ये त्याला काढून टाकलं गेलं.

पुढे ‘हिलबिली’ हा शब्द शिवीसारखा वाटू लागला. १९४९ मध्ये ‘बिलबोर्ड’ साप्ताहिकाने आपल्या यादीला ‘कंट्री अँड वेस्टर्न’ असं नाव दिलं. त्याच वर्षी ‘रेस रेकॉर्ड्स’चं ‘रिदम अँड ब्लूज’ झालं. नावं सभ्य झाली, पण दोन कप्पे होते तिथेच राहिले. पुरस्कार सुरू झाले ते या कप्प्यांवरच.

ग्रॅमीचा पहिला कंट्री पुरस्कार मिळाला कॉलेजच्या पोरांना

१९५९ मध्ये पहिले ग्रॅमी दिले गेले. एकूण २८ कॅटेगरी होत्या, त्यात कंट्रीच्या वाट्याला फक्त एक. ती जिंकली ‘टॉम डूली’ या गाण्यासाठी किंग्स्टन ट्रिओने. हे तिघं कॅलिफोर्नियातले, कॉलेजातल्या पोरांसारखे पट्ट्यापट्ट्यांचे शर्ट घालून लोकगीतं गाणारे. नॅशविलशी त्यांचा काही संबंध नव्हता. म्हणजे कंट्रीचा पहिलाच ग्रॅमी बाहेरच्यांनी नेला. गंमत अशी की तेव्हा ग्रॅमीत लोकसंगीताची वेगळी कॅटेगरीच नव्हती, त्यामुळे जे जिथे मावेल तिथे बसवलं गेलं.

१९६५ मध्ये ग्रॅमीने कंट्रीच्या सहा कॅटेगरी केल्या. अल्बम, सिंगल, गाणं, गायक, गायिका आणि नवोदित कलाकार. सहा पुरस्कार म्हणजे सहा जणांना संधी, असं वाटतं ना? त्यातले पाच एकट्या रॉजर मिलरने घेतले. उरला एकच, जो तो घेऊ शकत नव्हता, गायिकेचा. तो डॉटी वेस्टला मिळाला. पुढच्या वर्षी मिलरने एकूण सहा ग्रॅमी घेतले, त्यात कंट्रीसोबत रॉक अँड रोलच्या कॅटेगरीही होत्या. यानंतर कंट्री अल्बमची कॅटेगरी बंदच झाली. ती परत आली १९९५ मध्ये. मधली जवळपास तीस वर्षं ग्रॅमीच्या दप्तरी ‘सर्वोत्तम कंट्री अल्बम’ असं काही अस्तित्वातच नव्हतं. जॉनी कॅश, मर्ल हॅगार्ड, डॉली पार्टन यांचा भरभराटीचा काळ बऱ्याच अंशी हाच.

नॅशविलने स्वतःची पंगत मांडली

ग्रॅमी हा सगळ्या संगीताचा पुरस्कार. कंट्रीवाल्यांचा स्वतःचा पुरस्कार कुठून आला, ही गोष्ट थोडी वेगळी आहे.

पन्नासच्या दशकाच्या मध्यावर एल्विस प्रेस्ली आणि रॉक अँड रोल आलं. तरुण श्रोता तिकडे पळाला, रेडिओ स्टेशनांनी कंट्री वाजवणं कमी केलं. धंदा बुडतोय हे बघून १९५८ मध्ये नॅशविलच्या मंडळींनी कंट्री म्युझिक असोसिएशन म्हणजे सीएमए काढली. हिचं काम होतं मार्केटिंग. जाहिरातदारांना आणि रेडिओ मालकांना पटवायचं की कंट्री ऐकणारा माणूस फाटका नाही, तोही गाडी घेतो, फ्रीज घेतो. १९६१ मध्ये अमेरिकेत पूर्ण वेळ कंट्री वाजवणारी स्टेशनं ८१ होती. दशक संपेपर्यंत ती सहाशेच्या वर गेली.

सीएमएने १९६७ मध्ये पहिले पुरस्कार दिले ते या मोहिमेचा भाग म्हणून. पहिल्या वर्षी टीव्हीवर प्रक्षेपणही नव्हतं, ते पुढच्या वर्षापासून सुरू झालं. एडी अर्नोल्ड पहिला ‘एन्टरटेनर ऑफ द इयर’ ठरला. लोरेटा लिन सर्वोत्तम गायिका. आणि ‘कॉमेडियन ऑफ द इयर’ हीसुद्धा एक कॅटेगरी होती! कारण तेव्हाचा कंट्री कार्यक्रम म्हणजे गाण्यांच्या मधे फाटकी टोपी घालून विनोद सांगणारा माणूस हवाच. १९७० नंतर ही कॅटेगरी गुंडाळली गेली. धंद्याला आता शहरात, कोट घालून वावरायचं होतं, गावरान विनोदाची लाज वाटू लागली होती.

तिकडे पश्चिम किनाऱ्यावर, कॅलिफोर्नियात, वेगळीच तक्रार होती. बेकर्सफील्डचे बक ओवेन्स आणि मर्ल हॅगार्ड यांच्यासारखे कलाकार कडक इलेक्ट्रिक गिटार वाजवत होते आणि नॅशविल आपल्याकडे बघतच नाही असं त्यांच्या भागात वाटत होतं. त्यातून १९६४ च्या सुमारास दुसरी संस्था उभी राहिली, तीच आजची अकॅडमी ऑफ कंट्री म्युझिक म्हणजे एसीएम. तिचे पुरस्कार १९६६ मध्येच, सीएमएच्या एक वर्ष आधी सुरू झाले. सुरुवातीला तिच्या नावात ‘वेस्टर्न’ हा शब्दही होता, तो पुढे गळाला. आज दोन्ही सोहळे इतके सारखे झालेत की अमेरिकेतलेही लोक गोंधळतात. एसीएमने मधे २००८ मध्ये सर्वोच्च पुरस्काराचं मतदान चाहत्यांसाठी खुलं केलं. त्या वर्षी जिंकलेल्या केनी चेस्नीनेच त्यावर जाहीर नाराजी व्यक्त केली. पुढे हा प्रयोग थांबला.

पाकीट पेटवलं ती रात्र

१९७४ मध्ये सीएमएचा ‘सर्वोत्तम गायिका’ पुरस्कार ऑलिव्हिया न्यूटन-जॉनला मिळाला. इंग्लंडमध्ये जन्मलेली, ऑस्ट्रेलियात वाढलेली पॉप गायिका. हरलेल्यांमध्ये लोरेटा लिन आणि डॉली पार्टन होत्या. नॅशविलमध्ये भडका उडाला. जॉर्ज जोन्स आणि टॅमी वायनेट या नवरा-बायकोच्या घरी गायकांची बैठक बसली आणि ‘असोसिएशन ऑफ कंट्री एन्टरटेनर्स’ नावाची संघटना निघाली. म्हणणं एकच, बाहेरच्यांना आवरा.

पुढच्या वर्षी, ऑक्टोबर १९७५. मागच्या वर्षीचा ‘एन्टरटेनर ऑफ द इयर’ चार्ली रिच नव्या विजेत्याचं नाव जाहीर करायला स्टेजवर आला. पाकीट उघडलं, नाव वाचलं, खिशातून लायटर काढला आणि कागद पेटवला. मग म्हणाला, विजेता जॉन डेन्व्हर.

हो, तोच जॉन डेन्व्हर. कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये गिटार घेतलेल्या निम्म्या पोरांना जे एक इंग्रजी गाणं येतं, त्या ‘टेक मी होम, कंट्री रोड्स’वाला. ज्याच्यामुळे भारतातल्या कित्येकांना ‘कंट्री’ हा शब्द माहीत झाला, त्याला नॅशविलमधले कित्येक जण कंट्री मानायला तयार नव्हते. डेन्व्हर तेव्हा ऑस्ट्रेलियात होता आणि उपग्रहाद्वारे जोडलेला होता. त्याने हसून आभार मानले, इकडे काय पेटलंय याची त्याला कल्पनाच नव्हती.

चार्ली रिचने हे का केलं यावर आजही वाद आहे. त्याच्या मुलाने नंतर सांगितलं की वडिलांचा पाय दुखावलेला होता, वेदनाशामक गोळ्या आणि दारू एकत्र पोटात होती आणि त्यांना ती गंमत वाटली होती. असेलही. पण टीव्हीवर बघणाऱ्यांनी त्याचा एकच अर्थ घेतला.

या ‘शुद्ध कंट्री’च्या आग्रहात एक मोठी विसंगती होती. चार्ली रिच स्वतः जॅझ आणि ब्लूजमधून आलेला, त्याची सगळ्यात गाजलेली गाणी व्हायोलिनच्या ताफ्यासकट पॉपच्या यादीत वर गेलेली. आणि रॉक अँड रोलला तोंड देण्यासाठी फिडल आणि स्टील गिटार बाजूला सारून गुळगुळीत वाद्यवृंद आणला होता तो नॅशविलच्याच निर्मात्यांनी, पन्नासच्या दशकाच्या शेवटी. म्हणजे आवाज पॉप झाला तरी चालेल, फक्त तो करणारा माणूस आपल्यातला हवा. डॉली पार्टन त्या संघटनेत होती. १९७७ मध्ये तिने स्वतःच पॉपच्या बाजाचं ‘हिअर यू कम अगेन’ केलं, ते प्रचंड चाललं आणि १९७८ मध्ये ती ‘एन्टरटेनर ऑफ द इयर’ झाली. संघटना मात्र ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला विरून गेली.

याच काळातला आणखी एक विजेता या चर्चेत नेहमी पुढे केला जातो, चार्ली प्राइड. १९७१ चा ‘एन्टरटेनर ऑफ द इयर’, मिसिसिपीत जन्मलेला कृष्णवर्णीय गायक. कंट्रीत वर्णभेद नाही याचा पुरावा म्हणून त्याचं नाव घेतलं जातं. पण त्याच्या कंपनीने सुरुवातीच्या रेकॉर्ड्स रेडिओला पाठवल्या तेव्हा सोबत त्याचा फोटो मुद्दाम पाठवला नव्हता. आधी आवाज आवडू दे, मग चेहरा बघा, हा हिशोब. आणि १९७१ नंतर २०२५ पर्यंत हा सर्वोच्च पुरस्कार दुसऱ्या एकाही कृष्णवर्णीय कलाकाराला मिळालेला नाही.

बायकांची वेगळी रांग असावी की नसावी?

सीएमए आजही ‘मेल व्होकलिस्ट’ आणि ‘फीमेल व्होकलिस्ट’ असे दोन वेगळे पुरस्कार देते. ग्रॅमीने २०११ मध्ये काटकसर केली. १०९ कॅटेगरी होत्या, त्या ७८ वर आणल्या. त्यात कंट्रीतली गायक-गायिका विभागणी गेली आणि ‘बेस्ट कंट्री सोलो परफॉर्मन्स’ अशी एकच कॅटेगरी झाली.

वरवर बघता हे समानतेचं पाऊल. पहिल्या दोन वर्षी टेलर स्विफ्ट आणि कॅरी अंडरवूड जिंकल्याही. पण २०२० ते २०२५ या सलग सहा वर्षांत पुरुषच जिंकले. विली नेल्सन, विन्स गिल, क्रिस स्टेपलटन हीच नावं आलटून पालटून. यांच्या गुणवत्तेवर कुणी शंका घेणार नाही, स्टेपलटनचा आवाज ऐकल्यावर तर नाहीच. प्रश्न त्याच्या आधीच्या टप्प्यावर आहे, रेडिओवर.

अमेरिकेत कंट्रीचा धंदा अजूनही बऱ्यापैकी रेडिओवर चालतो. २०१५ मध्ये एका रेडिओ सल्लागाराने धंद्याच्या साप्ताहिकात सल्ला दिला की श्रोते टिकवायचे असतील तर बायकांची गाणी कमी वाजवा, एकामागोमाग दोन तर नकोच. सॅलडमध्ये पुरुष हे लेट्यूस आणि बायका म्हणजे टोमॅटो, असं त्याचं उदाहरण होतं. यावर इतका गदारोळ झाला की या प्रकरणाचं नावच ‘टोमॅटोगेट’ पडलं.

सीएमएच्या सर्वोच्च पुरस्कारात याचा परिणाम आकड्यांत दिसतो. ‘एन्टरटेनर ऑफ द इयर’ला पुरुष-स्त्री असा भेद नाही. १९६७ ते २०२५ या ५९ वर्षांत तो बायकांना किंवा बायकांच्या ग्रुपला ११ वेळा मिळालाय. १९७२ मध्ये लोरेटा लिन पहिली. २०११ मध्ये टेलर स्विफ्टला मिळाल्यानंतर पुढची बाई उजाडायला २०२३ यावं लागलं, लेनी विल्सन. २०२५ मध्ये तिनेच तो पुन्हा जिंकला. या पुरस्कारासाठी नुसतं गाणं बघत नाहीत, वर्षभरातले कार्यक्रम, लोकप्रियता, एकूण दबदबाही बघतात. स्टेडियम भरायचं तर गाणं रेडिओवर वाजायला हवं, आणि तिथे टोमॅटोचा हिशोब चालतो. वेगळी रांग काढून टाकली म्हणून वाटेतला अडथळा निघत नाही.

मागचं दार

काही कॅटेगरी मुद्दाम सैल असतात आणि त्यांचा उपयोग अडचणीतून वाट काढायला होतो.

२०१९ मध्ये लिल नॅस एक्सचं ‘ओल्ड टाउन रोड’ आलं. बिलबोर्डने ते कंट्रीच्या यादीतून काढलं, कारण त्यांच्या मते त्यात आजच्या कंट्रीचे पुरेसे घटक नव्हते. मग बिली रे सायरस या गोऱ्या कंट्री गायकाला घेऊन रिमिक्स निघालं आणि गाणं मुख्य यादीत तेव्हाचा विक्रम करत १९ आठवडे पहिलं राहिलं. इतक्या मोठ्या गाण्याकडे काणाडोळाही करता येईना. सीएमएने त्याला ‘म्युझिकल इव्हेंट ऑफ द इयर’ दिला, म्हणजे दोन कलाकार एकत्र आले त्याचा पुरस्कार. सिंगल किंवा गाण्याच्या मुख्य कॅटेगरीत त्याला नामांकनही नव्हतं. पाहुण्याला जेवायला बसवलं, पण ओटीवर.

‘सिंगल ऑफ द इयर’ आणि ‘साँग ऑफ द इयर’ यांतही लोकांचा गोंधळ होतो. सिंगल म्हणजे ध्वनिमुद्रण, तो पुरस्कार गाणाऱ्याला. साँग म्हणजे रचना, तो लिहिणाऱ्याला. २०२३ मध्ये ल्यूक कोम्ब्जने ट्रेसी चॅपमनचं १९८८ चं ‘फास्ट कार’ गायलं. सिंगलचा पुरस्कार त्याला मिळाला आणि साँगचा चॅपमनला. मूळ गाण्यानंतर ३५ वर्षांनी, तेही कधीच कंट्री न म्हणवलेल्या चॅपमनला. हा पुरस्कार मिळवणारी ती पहिली कृष्णवर्णीय गीतकार.

‘नवोदित’चं तर विचारूच नका. १९८१ मध्ये सीएमएने ‘होरायझन अवॉर्ड’ सुरू केला, २००८ पासून त्याचं नाव ‘न्यू आर्टिस्ट ऑफ द इयर’. २०१५ मध्ये तो मिळाला क्रिस स्टेपलटनला, जो कित्येक वर्षं नॅशविलमध्ये दुसऱ्यांसाठी गाणी लिहीत होता. २०२३ मध्ये जेली रोलला, वयाच्या ३८ व्या वर्षी, रॅपर म्हणून लांबलचक कारकीर्द करून झाल्यावर.

शिक्षा करायलाही कॅटेगरी कामी येतात. २०२१ च्या सुरुवातीला मॉर्गन वॉलनचा वर्णद्वेषी शब्द वापरतानाचा व्हिडिओ बाहेर आला. एसीएमने त्या वर्षी त्याला पूर्ण बाद केलं. सीएमएने मधला मार्ग काढला, एकट्याला मिळणाऱ्या पुरस्कारांतून तो बाद, पण इतरांचेही कष्ट असलेल्या अल्बमसारख्या कॅटेगरीत पात्र. त्याचा तो अल्बम अमेरिकेत त्या वर्षी सगळ्यात जास्त खपला. २०२४ मध्ये तोच ‘एन्टरटेनर ऑफ द इयर’ झाला, आणि घ्यायला आलाही नाही.

पण एवढा जीव का काढायचा?

कारण एका रात्रीत नशीब पालटतं. स्टेपलटनचा ‘ट्रॅव्हलर’ मे २०१५ मध्ये आला होता आणि बेताचाच चालला होता. नोव्हेंबरमध्ये सीएमएच्या स्टेजवर तो जस्टिन टिंबरलेकसोबत गायला, तीन पुरस्कार घेतले आणि पुढच्याच यादीत अल्बम थेट पहिल्या क्रमांकावर. कार्यक्रमाचं मानधन, रेडिओ, कंपनीशी वाटाघाटी, सगळं त्या एका ओळीने बदलतं जी नावापुढे लागते.

आणि ती ओळ कोण देतं, यावर निकाल ठरतो. सीएमएचे मतदार म्हणजे कंट्रीच्या धंद्यातलेच सात हजारांहून अधिक सदस्य. गायक, निर्माते, रेडिओवाले, कंपन्यांचे लोक. ग्रॅमीचे मतदार याहून बरेच जास्त आणि सगळ्या प्रकारच्या संगीतातले. ‘काउबॉय कार्टर’ला सप्टेंबर २०२४ मध्ये सीएमएची नामांकनं जाहीर झाली तेव्हा एकही मिळालं नाही. पाच महिन्यांनी त्याच अल्बमला ग्रॅमीचा कंट्री पुरस्कार. अल्बम तोच, मतदार वेगळे.

सीएमएच्या बाजूने डॉली पार्टनने म्हटलं होतं की हे मुद्दाम डावलणं नसावं, आयुष्यभर फक्त कंट्री करणारे बरेच जण रांगेत आहेत. या बोलण्यात वजन आहे. पण त्या वर्षी शबूझी हा कृष्णवर्णीय गायक १९ आठवडे मुख्य यादीत पहिला होता, नॅशविलला हवं तसं सगळं करत होता. त्याला सीएमएची दोन नामांकनं मिळाली आणि पुरस्कार शून्य. त्यामुळे रांगेचं कारण पूर्ण पटत नाही.

मग २०२५ चा बदल नक्की कशासाठी?

रेकॉर्डिंग अकॅडमीचं म्हणणं असं की प्रस्ताव कंट्रीच्या कलाकारांकडूनच आला, आधीही अनेकदा आला होता, या वेळी मंजूर झाला. यावर विश्वास ठेवायला जागा आहे. आर अँड बीमध्ये ‘ट्रॅडिशनल’ ही वेगळी कॅटेगरी आधीपासून आहे. ब्लूजचे तर ग्रॅमीने दोन भाग केले, २०११ च्या काटकसरीत ते एकत्र केले आणि काही वर्षांनी पुन्हा वेगळे केले.

जुन्या वळणाच्या गायकांची अडचणही खरी होती. रेडिओवर हिप-हॉपच्या तालावरचा कंट्री आला, तसे फिडल आणि स्टील गिटारवाले बाजूला पडले. त्यांच्यातल्या अनेकांची बोळवण ‘अमेरिकाना’ नावाच्या वेगळ्या कप्प्यात झाली. २०१८ मध्ये टायलर चिल्डर्सला अमेरिकानाचाच एक पुरस्कार मिळाला, तेव्हा त्याने तिथेच स्टेजवर सांगितलं की आपण कंट्री गायक आहोत, हे अमेरिकाना काय प्रकरण आहे कळत नाही. उलट बाजूने, २०२१ मध्ये केसी मस्ग्रेव्ह्जचा अल्बम ग्रॅमीच्या समितीने कंट्रीतून उचलून पॉपमध्ये टाकला. तिचा त्याआधीचा अल्बम याच कंट्री कॅटेगरीत जिंकला होता. आणि २०१६ मध्ये बियॉन्सेचं ‘डॅडी लेसन्स’ याच ग्रॅमीच्या कंट्री समितीने नाकारलं होतं. कुणाला कुठे बसवायचं हे बंद खोलीत ठरतं आणि कारण बाहेर सांगायची पद्धत नाही.

नव्या नियमात ‘ट्रॅडिशनल’ची व्याख्या दिली आहे. ताल, गायकी आणि शब्द जुन्या वळणाचे हवेत, वाद्यं अकूस्टिक गिटार, स्टील गिटार, फिडल, बँजो, मँडोलिन, पियानो, इलेक्ट्रिक गिटार आणि खरे वाजवलेले ड्रम. वेस्टर्न, वेस्टर्न स्विंग आणि आउटलॉ कंट्री हेही यातच. पहिल्या यादीत विली नेल्सन आणि त्याचा मुलगा लुकस नेल्सन एकमेकांसमोर उभे होते, सोबत मार्गो प्राइस, चार्ली क्रॉकेट आणि झॅक टॉप. टायलर चिल्डर्सचं नाव मात्र ‘कंटेम्पररी’च्या यादीत निघालं.

बदल आकसाने केला असं सिद्ध करता येणार नाही. पण इतकी वर्षं पडून असलेला प्रस्ताव नेमका याच वर्षी पुढे सरकला, हे लोकांच्या नजरेतून सुटणारं नव्हतं. शिवाय, ‘कंट्री अल्बम’ हे विशेषणाशिवायचं नाव आता कुणालाच मिळणार नाही. ते मिळवणारी शेवटची कलाकार बियॉन्से.

आता ही व्याख्या तिच्याच अल्बमला लावून बघा. ‘टेक्सस होल्ड एम’मधला बँजो वाजवलाय रिहॅनन गिडन्सने, जिने या वाद्याचा आफ्रिकी इतिहास लोकांसमोर आणण्यात आयुष्य घातलंय. अल्बमवर विली नेल्सन आणि डॉली पार्टन यांचे आवाज आहेत, आणि साठच्या दशकाच्या शेवटी ऑप्रीवर गायलेल्या लिंडा मार्टेल या कृष्णवर्णीय गायिकेचाही. त्याच अल्बममध्ये हिप-हॉप आहे, डान्स म्युझिक आहे. तो एक वर्ष उशिरा आला असता, तर समितीने त्याला कोणत्या खोलीत पाठवलं असतं यावर अमेरिकेतल्या कंट्रीवाल्यांचं अजून एकमत झालेलं नाही.